खरेदीची किंमत

वैदेहीने स्क्रीनवरच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"अहो, हे शेअर घेतले होते कितीला?"

"शून्य टाक." उन्मेष उभ्याउभ्याच म्हणाला.

"शून्य? फुकट वाटत होतं का कोणी?"

"जुन्या दलालाने धंदा गुंडाळला. कागद नाहीत. भरू की थोडा जास्त कर."

विवरणपत्राची मुदत आज संपत होती. नारळ काढणाऱ्याशी दर झाडामागे दहा रुपयांसाठी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस आपणहून जास्त कर भरू म्हणत होता. वैदेहीने रकाना तसाच रिकामा ठेवला.

समोर सासूबाई, आनंदीबाई, चेकबुक उघडून बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आंब्याचे तीन लाख उन्मेषला गुंतवायला दिले होते. मार्चमध्ये त्याने शेअर विकले आणि त्यांना चार लाख आणून दिले. तेव्हापासून त्यांचा तोरा काही विचारू नका. आता तेच चार लाख त्यांना पुन्हा त्याच्या हाती द्यायचे होते.

"अगो, कलमांनासुद्धा असा मोहोर धरत नाही. चेक तुझ्याच नावे ना रे?"

वैदेहीने त्याच्या मेलमध्ये दलालाचं नाव शोधलं. खरेदीची नोंद निघाली: तीन लाख. बँकेच्या उताऱ्यात विक्रीचे जमा झाले होते एक लाख ऐंशी हजार. आणि दोनच ओळी खाली, कर्मचारी पतपेढीचं कर्ज, दोन लाख वीस हजार.

तिने वर पाहिलं. उन्मेषने मान हलवली, अगदी जराशी. नको.

सासूबाईंच्या पेनाचं टोपण निघालं होतं. गप्प बसावं तर म्हातारीची पुंजी जाणार, बोलावं तर नवऱ्याची लाज. वैदेहीने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"हा रकाना तुम्हीच भरा," म्हणाली, आणि उगीच पंखा मोठा करायला उठली.

तो बसला. एकेक शून्य मोजून टाकलं.

"तीन लाख," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "विकले एक लाख ऐंशीला, आई."

पेन थांबलं.

"नि मला दिलेस ते?"

"वरचे पतपेढीतून काढले."

"व्याज किती घेतात?"

"बारा टक्के."

आनंदीबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा नाकावर बसवला.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "पतपेढीचं नाव सांग. पुरतं सांग, चेक परत येता कामा नये."