दार उघडेपर्यंतची गोष्ट

लिहिण्याच्या खोलीत सगळं होतं, फक्त लिहिणं नव्हतं. नवऱ्याने मोठ्या हौसेने अडगळीची खोली रिकामी केली होती, भिंतींना आवाज गिळणारे जाड तक्ते ठोकून घेतले होते आणि दाराला रबराची पट्टी बसवली होती. दार लावलं की बाहेर मिक्सर फिरला तरी आत पत्ता लागत नसे. बिचारा दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायचा आणि घरी आला की चपला काढता काढता विचारायचा, पोरगी आज चढली का? पोरगी म्हणजे बायकोच्या कादंबरीतली नायिका. पोरगी काही चढत नव्हती.

बायको मात्र दिवसभर चालत होती. खोलीत जायची, दार लावायची, खुर्चीत टेकायची आणि तिला आठवायचं की गॅस बंद केलाय का ते बघायला हवं. गॅस बंदच असायचा. परत आली की पेन्सिलींना टोक करायचं असायचं, टोकं झाली की टेबल डावीकडे बरं की उजवीकडे हा प्रश्न पडायचा. पायाला भिंगरी लागली होती, आणि भिंगरी लागून जाणार कुठे तर स्वयंपाकघरापर्यंत. घरातली सगळी कपाटं तिने आवरून टाकली, सासूबाईंचंही, त्यांनी न सांगता. सून लेखिका झाल्यापासून घर कसं लख्ख असतं, असं सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. त्या कौतुकानेच म्हणाल्या असतील, पण तिला ते झोंबलं.

नाव झालं होतं तिचं. तिच्या दोन्ही कादंबऱ्या एकाच विहिरीत घडत होत्या. विहीर इतकी खोल, की तळाच्या माणसांना वरचं तोंड चांदणीएवढं दिसावं. आतल्या भिंतीला एकावर एक गावं चिकटलेली. तळाशी दोर वळणारी एक पोरगी, ती एक दिवस वर काय आहे ते बघायला निघते. वाटेत तिला आपल्या सावल्या भाड्याने देणारी म्हातारी भेटते, प्रतिध्वनींचा बाजार लागतो, उलटं टांगून झोपणाऱ्यांचं गाव लागतं. पहिला भाग संपला तरी पोरगी चढतच होती, दुसरा संपला तरी चढतच होती. वाचकांनी दोन्ही भाग डोक्यावर घेतले. आता तिसरा आणि शेवटचा. संपादकाने फोन करून निक्षून सांगितलं होतं, "बाई, नवं गाव नको. वर काय आहे, तेवढं सांगा."

खरी मेख तिथेच होती. वर काय आहे हे तिलाच माहीत नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सासूबाईंनी तिच्या पुस्तकाची चार पानं वाचून ते मिटून ठेवलं होतं. त्या आयुष्यभर वजनमापं तपासणाऱ्या खात्यात नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. बाजारात त्या दिसल्या की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. त्यांना विहीर पटली नव्हती. एवढ्या उंचीवर दोर स्वतःच्याच वजनाने तुटेल, म्हणाल्या, आणि तळाला ऊन पोचत नाही तर माणसं खातात काय? सुनेने तेव्हा हसण्यावारी नेलं. पण हल्ली त्या बंद खोलीत बसलं की तिला सासूबाईंचं पटायला लागलं होतं.

मुळात ती लेखिका झाली तीच फोनवर. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत ती कंट्रोल रूमला होती. शहरात कुठेही लिफ्ट अडकली की आत अडकलेल्याने बटण दाबायचं, आणि हिच्या टेबलावर दिवा लागायचा. मेकॅनिक मंडळी तिला नावाने कधी हाक मारत नसत, कंट्रोल म्हणूनच ओळखत. अशा वेळी काय बोलायचं त्याचा छापील कागद कंपनीने दिला होता. कृपया शांत राहा, आमचा प्रतिनिधी निघाला आहे. असं ऐकून जगात कोणी शांत राहिलेलं नाही. तिने कागद पहिल्याच दिवशी खणात टाकला. दिवा लागला की ती म्हणायची, "मी आहे. ऐकतेय. बोला." मग माणूस बोलायचा, रडायचा, शिव्या घालायचा, आणि मेकॅनिक पोचेपर्यंत ती त्याला धरून ठेवायची.

एकदा एक शाळामास्तर अडकला. मेकॅनिक रस्त्यातल्या गर्दीत रुतून बसलेला. मास्तरांना दम लागायला लागला. तिने हवापाणी विचारून झालं, मुलंबाळं विचारून झाली, आणि बोलायचं काही उरलं नाही तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, एक विहीर होती. त्या विहिरीच्या भिंतीला गावं चिकटलेली होती. मास्तरांचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात फोन करून विचारलं की त्या पोरीचं पुढे काय झालं. तिलाही माहीत नव्हतं, पण पुढच्या दिव्याला कळलं, त्याच्या पुढच्याला आणखी थोडं. तक्रारींच्या कागदांच्या पाठीवर, दोन फोनांच्या मधल्या फटीत, तिने दोन भाग असे लिहिले होते. मग घरच्यांचा आग्रह, संपादकाचा आग्रह, आणि तिने राजीनामा दिला. आता पूर्णवेळ लेखन. आता बोलायला वेळच वेळ, आणि पलीकडे कोणी नाही.

तिने लपूनछपून उपाय करून पाहिले. वही घेऊन ती दवाखान्याच्या बाकावर बसून आली, कपडे धुऊन देणाऱ्या दुकानातल्या फिरत्या मशिनींसमोर बसून आली. तिथल्या मुलीने शेवटी विचारलं की बाई, तुमचे कपडे कुठायत? तशी ती उठून घरी आली आणि घरभर चालत राहिली. आपण लेखिका नाहीच, हे तिच्या मनाने घेतलं. आपण लोकांचा वेळ काढणाऱ्या. दुसरं आपल्याला काही येत नाही. एकदा कबूल करून टाकलं की निदान या पायांना तरी विसावा मिळेल.

म्हणून त्या दिवशी तिने ठरवलं, सासूबाईंना नव्या चष्म्यासाठी नवऱ्याच्या दुकानात सोडायचं, परत येऊन संपादकाला फोन करायचा, आणि तिसरा भाग होणार नाही म्हणून सांगायचं. दार ओढून घेताना तिने सासूबाईंना तसं बोलूनही दाखवलं. लिफ्ट आली, दोघी आत शिरल्या, दार लागलं, दोन मजले उतरले, आणि कचकन आवाज होऊन लिफ्ट थांबली. वरचा दिवा गेला, बारका पिवळा दिवा तेवढा लागला.

"आता काय?" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीला हात टेकला आणि पदराने कपाळ पुसलं. दुकानदारांना घाम फोडणारी बाई, पण बंद जागेत तिला घाम फुटला होता.

सुनेने बटण दाबलं. तिच्या जुन्या कंपनीचीच लिफ्ट होती, तिचीच खुर्ची होती त्या टोकाला. बटणाखालच्या स्पीकरच्या जाळीतून एका पोरीचा कोवळा आवाज आला. कृपया शांत राहा, आमचा प्रतिनिधी निघाला आहे. कागद खणातून पुन्हा बाहेर निघाला होता. पोरगी नवी असणार, तिचा स्वतःचाच आवाज कापत होता, आणि एवढं वाचून झाल्यावर ती गप्पच झाली. लाईन मात्र सुरू राहिली.

सासूबाई खाली बसल्या. श्वास पुरत नाही म्हणू लागल्या. सुनेने शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला. "मी आहे. ऐकतेय. बोला," ती म्हणाली. लेकीकडचा नातू केव्हा येणार सुट्टीला, चष्म्याची काडी कोणत्या रंगाची घ्यायची, सगळं विचारून झालं. धाप काही बसेना. तेव्हा तिने जुन्या सवयीने खाली मान घातली आणि सुरू केलं. पोरगी आता शेवटच्या गावाच्या वर पोचली आहे. इथून पुढे गाव नाही. भिंत गुळगुळीत, धरायला काही नाही, आणि मागे बांधत आणलेला दोर खांद्यावर संपत आलाय.

"किती उरलाय?" सासूबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"दोन पुरुष उंची भरेल एवढा."

"एवढ्याने काय होणार? मागचा सोडवून वर घ्यायला हवा."

मागचा सोडवला तर तिला परत खाली जाता येणार नाही, सून म्हणाली. सासूबाईंनी डोळे उघडले. हे दुसऱ्या भागापर्यंत कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी म्हटलं नव्हतं. ते आत्ता, या पेटीत, सासूबाईंच्या तोंडावर उत्तर देता देता निघालं होतं. ती थांबली नाही. पोरगी रडते, म्हणाली, मग गाठ सोडते. दोर वर ओढून घेते, फास करते, वरच्या दगडावर फेकते. चुकतो. पुन्हा फेकते. सासूबाईंचा श्वास कधी सरळ झाला ते दोघींनाही कळलं नाही.

तेवढ्यात लिफ्टला हलकासा धक्का बसला. वर मशीन रूममध्ये मेकॅनिकने ब्रेक सोडून हाताने चाक फिरवायला घेतलं होतं. वीतभर खाली, थांबा, पुन्हा वीतभर. प्रत्येक धक्क्याला तिची वाक्यं आखूड होत गेली. फास बसतो. पोरगी लोंबकळते. हात सोलतात. ती काठापर्यंत येते. लिफ्ट मजल्याला टेकली, जिन्यावरून खाली धावत येणारी पावलं ऐकू आली, बाहेरून दारावर थाप पडली आणि ओळखीचा आवाज आला, घाबरू नका, उघडतो. हा थोरला मेकॅनिक, ज्याला सगळे उस्ताद म्हणत.

ती वाक्याच्या मध्येच थांबली. तिला केवढं हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला एकदम लाज वाटली. इतकी वर्षं हेच तर चाललं होतं. गोष्ट काठापर्यंत यायची, दारावर थाप पडायची, अडकलेला धावत सुटायचा, आणि शेवट काय हे विचारायला कोणी मागे राहत नसे. तिने जन्मात एकही गोष्ट संपवली नव्हती, कारण संपवायची पाळीच आली नव्हती. लोकांना वाटे आपली सुटका झाली. सुटका तिची होत असे.

ती उठायला लागली. सासूबाईंनी हात सोडला नाही.

"अहो, थांबा जरा," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "हिचं संपलेलं नाही."

बाहेर उस्तादांना काही कळेना. तिकोनी किल्ली कुलपात फिरल्याचा आवाज झाला, आणि त्याच वेळी इतका वेळ मुकी असलेली जाळी बोलली. उस्ताद, प्लीज दोन मिनिटं, त्या नव्या पोरीचा आवाज आला, उघडू नका. लाईन चालू असल्याचं सून विसरूनच गेली होती. पोरगी पहिल्यापासून ऐकत होती.

आता पळायला जागा उरली नाही. वर काय आहे? समोर एक म्हातारी, जाळीत एक पोरगी, दाराबाहेर एक मेकॅनिक, आणि सगळे कान देऊन. तिने तोंड उघडलं तेव्हाही तिला माहीत नव्हतं.

"वर येते ती," ती म्हणाली. "वर काही नसतं. म्हणजे, एक खुर्ची असते. काठाला लागून. रिकामी. हात लावून बघते तर अजून ऊब आहे. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय. तिला लहानपणापासून वरून एक आवाज ऐकू यायचा, खाली सगळे म्हणायचे वारा आहे. तो वारा नव्हता. कोणीतरी इथे बसून खालच्यांशी बोलत होतं. आता तेही नाही. तिला इतका राग येतो, की एवढं चढून यायचं ते यासाठी? ती उठते, चालायला लागते. मागे सगळं जग मोकळं आहे, दोर गेलेला आहे, कोणी अडवणारं नाही. आणि मग तळातून हाक येते. कुणी आहे का वर?"

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग ती येऊन खुर्चीत बसते."

बाहेरून उस्तादांनी विचारलं की उघडू का आता, आणि सासूबाई म्हणाल्या, उघडा. दार सरकलं, जिन्यातला उजेड आत आला. सासूबाई सुनेच्या खांद्याला धरून उठल्या, साडी झटकली आणि बाहेर पाऊल टाकता टाकता वळल्या.

"चष्मा उद्या करू. तू वर जा आणि हे आधी लिहून काढ. आणि फोन कर त्या माणसाला, पण ते सांगायला नाही." दोन पायऱ्या चढून त्या पुन्हा थांबल्या. "दोराचं वजन मात्र मला अजून पटलेलं नाही."

सून हसली आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या लक्षात आलं, आपले पाय गप्प उभे आहेत. ती आभार मानायला जाळीकडे वाकली. पण त्या टोकाला बहुतेक दुसरा दिवा लागला होता, कारण कागदाची सळसळ झाली, खण उघडून बंद झाल्याचा आवाज आला, आणि लाईन तोडायला विसरलेली ती नवी पोरगी दुसऱ्याच कोणाला तरी म्हणाली, "मी आहे. ऐकतेय. बोला."