आठ वेळा

"ताई, तूच घे ना रक्त. तुझा हात हलका आहे," धाकटी बाही वर सारत म्हणाली. पाचवा महिना होता तिला. दवाखान्यात मी रक्त काढते त्या खुर्चीत ती माहेरी आल्यासारखी बसली होती.

माझी लेक चार वर्षांची आहे. अजून बसत नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, मेंदूतल्या पेशींच्या पातळ पडद्यात एका प्रथिनाचं दार असतं. ते कसं घडवायचं, हे एका जनुकात लिहिलेलं. लेकीच्या जनुकात एक अक्षर चुकलं, म्हणून दार नीट चालत नाही, झटके येतात. ते अक्षर माझ्याकडून गेलं. तान्हेपणी मलाही झटके यायचे; माझे थांबले, तिचे नाही. मला ते आईकडून आलं. म्हणजे धाकटीकडेही असू शकत होतं.

"असलं तर ग?"

"नसेल," मी म्हणाले. मनात म्हटलं, असू दे.

जांभळ्या झाकणाची नळी भरली की आठ वेळा हळूच खालीवर करायची, नाहीतर रक्त गोठतं. अकरा वर्षं करतेय मी हे. त्या दिवशी नळी तशीच स्टँडमध्ये ठेवली. चार दिवस तरी तिने माझ्यासारखं धास्तीत जगावं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा फोन आला. "नमुना गोठलाय. परत पाठवा."

धाकटी पुन्हा आली. काही न विचारता हात पुढे केला. नळी भरली तशी ती हळू आवाजात म्हणू लागली, "एक... दोन..."

माझ्या लेकीचं रक्त काढताना धाकटी तिला मांडीवर घेऊन, मी नळी खालीवर करते तशी असंच आठपर्यंत मोजते, लेक रडू नये म्हणून. आठ झाले तेव्हा कुठे माझा हात थांबला. ती खिडकीकडे बघत होती.

आठवड्याने अहवाल घेऊन ती घरी आली. तिच्यात ते अक्षर बरोबर होतं. कागद तिने माझ्या हातात दिला आणि लेकीशेजारी बसून तिची लाळ पुसू लागली. चेहरा कोराच.

"हस की ग आता," मी म्हणाले. आवाज नको तितका चढला.

"घरी जाऊन हसेन, ताई."

तिच्या कोपराच्या खळीत दुसऱ्यांदा टोचलेल्या जागी डाग पिवळा पडत आला होता. माझी नजर तिथे गेली तशी तिने बाही खाली ओढली.