उशिरा येणारा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी, चावी द्यायची स्टॉपवॉच आहे. स्वभावाने मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

कारखान्यात माझ्या पोटात चाके बसवली, वर काटा आणि डोक्यावर एक बटण. तिथून मी आले ती थेट खेळाच्या सरांच्या मुठीत. सव्वीस वर्षे शाळेच्या मैदानावर त्यांनी मला वागवले. पळणारा रेषेवर आला रे आला, की सरांचा अंगठा बटणावर पडलाच. त्यांना विचारसुद्धा करावा लागत नसे. लोक त्या अंगठ्याचे कौतुक करत आणि फुगत असे मी.

मग शाळेने माझ्या उरावर सवत आणली. दोन खांबांची जोडी. मधून कुणी गेले की वेळ आपोआप दिव्यांच्या आकड्यांत उमटे. मुले तिच्याभोवती गोळा होत आणि मी खिशात जळत बसे.

त्याच दिवसांत खारूताई मागे पडू लागली. संघातली ही पोर सगळ्यांत चपळ, म्हणून तिचे हे नाव. सर माझ्यावर एकट्या तिचीच वेळ घेत आणि माझ्या काट्यावर ती रोज अर्धा सेकंद उशिरा येई. खांब मात्र तिची जुनीच वेळ दाखवत. सर म्हणाले, खांबच खोटे, ही इतक्या वर्षांत कधी खोटे बोलली नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शिट्टीसरशी मी वेळेत सुरू होई, रेषेवर मात्र अंगठा उशिरा पडतोय, हे माझ्या बटणाला कळत होते. पण सवतीचे नाक कापले जात होते ना. मला तोंड असते तरी मी ते उघडले नसते.

"पाय जड झालेत तुझे," सर खारूताईला म्हणाले आणि तिला संघातून काढले. ती मान खाली घालून बाकावर जाऊन बसली.

एकदा सरांना शिट्टी सांभाळून वही लिहायची होती, म्हणून त्यांनी मला तिच्याच हाती दिले. तिने घेतलेली प्रत्येक वेळ खांबांशी जुळली. सरांनी मला परत घेतले, पुढची शर्यत स्वतः मोजली. पुन्हा अर्धा सेकंद जास्त. ते कितीतरी वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, पार्किन्सन्स. डोळ्यांना रेषा दिसते, पण 'रेषा दिसली की दाबायचे' ही वर्षानुवर्षे घोटलेली सांगड सैल होते आणि हात हलायला वेळ लागतो. यात आळस नाही, की बेफिकिरी नाही.

दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांसमोर खारूताईला म्हणाले, "पाय नव्हते गं जड. माझा अंगठा जड झाला होता आणि बोल तुला लावला."

ती संघात परत आली. वेळ आता खांबच घेतील, असे सरांनी सांगितले आणि मला खिशात ठेवू लागले. खारूताई म्हणाली, "तुम्ही पण घ्या, सर. मी थांबेन."

आता सर औषधाची गोळी घेऊन रोज येतात. खारूताई रेषा ओलांडते, वळते आणि अंगठा पडेपर्यंत उभी राहते. 'दाबा ना' असे कुणी म्हणत नाही.

मित्रांनो, कुणाचे पाऊल, हात किंवा उत्तर उशिरा आले, तर त्याला मंद म्हणण्याआधी तुम्हीही जरा थांबा. एका पोरीला बाकावर बसावे लागले आणि मी मत्सरापायी खूश होते. मत्सर अजून गेलेला नाही. खरी वेळ सवतच सांगते. पण रेषा ओलांडल्यापासून अंगठा येईपर्यंतचा तो अर्धा सेकंद मी एकटी सरांसोबत चालते. तो सवतीला कुठून मिळणार?