चाळीस घरांची केसर

धापूनं तोंड उघडलं आणि सगळा घोटाळा झाला.

नव्या सुनेनं, बींदणीनं, सासऱ्यासमोर बोलायचं नसतं, हे लूणासरच्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक. पण समोर कोजाराम राव बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर ती तांबडी लाकडी कावड, एकामागून एक दारं उघडत जाणारी चित्रांची पेटी. धापूच्या माहेरीही दरवर्षी पीक निघालं की हेच कोजारामजी यायचे आणि एकेका चित्रावर मोरपीस टेकवत तिच्या घराण्याची सात पिढ्यांची कहाणी गायचे. दुसऱ्या दारावर डोक्यावर घागर घेतलेली, पिवळ्या ओढणीतली बाई होती. ती केसर, धापूची खापरपणजी. छपनिया म्हणतात त्या मोठ्या दुष्काळात नवऱ्यानं धान्याचं पेव लपवून ठेवलं, तर ह्या बाईनं भर दुपारी वरची माती उकरली आणि शेजारपाजाऱ्यांना घागरी भरभरून बाजरी वाटली. धापू लहानपणी रडायला लागली की आई म्हणायची, "केसरच्या रक्ताची ना गं तू? मग पूस डोळे." परक्या घरी येताना धापूनं धीर म्हणून बरोबर काय आणलं असेल, तर ही बाई.

आणि आज सासरी, त्याच पिवळ्या ओढणीवर पीस टेकवून कोजारामजी म्हणाले, "ही रामी. हडमानरामांची आई."

"ही तर आमची केसर आहे!" धापू घुंघटातून ओरडलीच.

सासरे हडमानराम, गावात ज्यांच्या शब्दाला वजन, त्यांनी चिलीम खाली ठेवली.

"रावजी, बींदणी काय म्हणतेय?"

"खरं तेच म्हणतेय. तिच्या माहेरी ही केसर असते."

"म्हणजे एकच बाई दारोदार फिरवता? माझ्या आईच्या नावावर?"

"बाई एकच रंगवलीय. माझी घरं चाळीस. चाळीस बायका रंगवायच्या म्हटलं तर कावड उंटावर लादावी लागेल."

एरवी ह्यावर अंगण हसलं असतं. आज सासू गवरीनं धापूच्या मांडीला चिमटा काढला. "जीभ आहे की कात्री गं?"

"गुंडाळा तुमचा पसारा," हडमानराम म्हणाले. "ह्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नका."

धापूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोजारामजींचा बाप ह्या घरी येत होता, आजा येत होता. हडमानरामांनी दार लावलं की गावातली बाकीची घरंही लावणार, मग म्हातारा जाणार कुठं? आणि हे सगळं तिच्या एका वाक्यामुळं. ज्या माणसानं तिला केसर दिली, त्याचंच तिनं वाटोळं केलं होतं.

कोजारामजींनी खटखट करत दारं मिटली. कावड फडक्यात बांधली आणि पाठीमागं सरकवून ठेवली. सगळ्यांना वाटलं, आता उठणार. ते उठले नाहीत.

"चित्रं गेली. आता नुसतं ऐका."

डोळे मिटून त्यांनी हडमानरामांचं घराणं गायला सुरुवात केली. कुठल्या गावची सून कुठल्या साली आली, कोण धुळीच्या वादळात गायी सोडवायला गेला आणि परतलाच नाही, कुणी भावाची वाटणी मुकाट्यानं जास्त केली. सात पिढ्या झाल्या, पण कुठे अडखळणं नाही, की घोट पाणी मागणं नाही. काय माणूस म्हणावा हा!

हडमानराम मात्र ढिम्म. "पाठांतर पोपटालाही येतं. माझ्या आईचं असं काही सांगा, जे तुम्हाला बनवता येणार नाही."

कोजारामजी पहिल्यांदाच घुटमळले. "पोरं बसलीत समोर."

"बसू देत."

"नऊ वर्षांचे होता तुम्ही. जमनी विधवेच्या शेतातली तीन मतीरं, वाळूतली कलिंगडं, चोरलीत. एक तिथंच फोडून खाल्लंत. रामीमांनी उरलेली दोन तुमच्या हातात दिली आणि तुम्हाला तिच्या दारात नेऊन उभं केलं. जमनी रानात गेलेली, दिवस कलताना परतली. तोवर दुपारभर तुम्ही उन्हात. तुमच्या पायांत जोडे होते. रामीमा तुमच्या शेजारी अनवाणी उभ्या होत्या. वाळूनं तळपाय सोलून निघाले. पुढं आठ दिवस पायांच्या कडांवर चालत त्यांनी पाणी भरलं."

हडमानरामांचा आवाज एवढासा झाला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच. मी तेव्हा नवखा होतो. म्हणाल्या, कावडीत घालून ठेव, पण हडमान स्वतः विचारेल तेव्हाच काढ. न विचारता काढलीस तर ती चहाडी होईल." म्हाताऱ्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "पन्नास वर्षं थांबलो. चित्र सुतार रंगवतो, हडमानजी. गोष्ट ज्याच्या त्याच्या घरानं द्यावी लागते. केसरची हिच्या घरानं दिली, ही तुमच्या आईनं दिली."

आपली केसर दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा धापूच्या मनातला राग कधीच विरला होता. केसर कुणी पळवली नव्हती. तिच्या बरोबरीनं घागर उचलणारी आणखी एक बाई ह्या घरात होती, एवढंच तिला आजवर ठाऊक नव्हतं. तिला ह्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

हडमानराम पोराटोरांसमोर, सुनांसमोर रडत होते, आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती.

"मी पळून जाईन म्हणून आई राखण करत उभी आहे, असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "जन्मभर तेच वाटत राहिलं."

कोजारामजींनी फडक्याची गाठ सोडली.

"उघडा कावड," हडमानराम म्हणाले, "पहिल्या दारापासून. नंतर बींदणीची केसरही होऊ दे, ह्या पोरांनी तीही ऐकावी. आणि रावजी, मतीरं गाळायची नाहीत." हडमानरामांनी नातवंडांकडे पाहिलं, मग खाली आपल्या जोड्यांकडे. "मी दुपारभर तिच्या शेजारी उभा होतो आणि एकदाही तिच्या पायांकडे पाहिलं नाही. तेही घाला कावडीत."