दोन्ना एर्सिलियाला कळता कामा नये

मी पोवळ्याचा ताईत बोलतोय. पण आधी तुम्ही कोण, कुठून आलात आणि माझ्याकडे असे टक लावून का बघताय, ते सांगा. रागावू नका. संशय घेणं हा माझा छंद नाही, धंदा आहे.

मी बोटाच्या पेराएवढा, लाल, शिंगाच्या आकाराचा, टोकाकडे जरासा वळलेला. इटलीत नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको या पोवळ्यांच्या गावातल्या एका कारागिराने मला कोरून काढलं. तो एका डोळ्याला भिंग लावून काम करायचा आणि दुसऱ्या डोळ्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवायचा. माझं पहिलं शिक्षण तिथेच झालं. आमच्याकडे मला स्वतःसाठी कुणी विकत घेत नाही, दुसऱ्याने दिलं तरच माझा गुण येतो. मेना जन्मली तेव्हा तिच्या आजोबांनी मला तिच्या आईच्या, इम्माच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पोरीला कुणाची दृष्ट लागू देऊ नकोस." इम्माने मला किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. पुढे नऊ वर्षं, जिथे इम्मा तिथे मी.

काम तसं सोपं होतं. कुणी पोरांचं कौतुक करायला लागलं, की इम्मा खिशात हात घालून मला मुठीत घट्ट धरायची. कौतुकाइतकी धोक्याची गोष्ट दुसरी नाही. शिव्या देणाऱ्याच्या मनातलं निदान बाहेर तरी पडलेलं असतं.

घरात माणसं चार. इम्मा बेकरीत कामाला, तिचा नवरा सबातो वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा, नऊ वर्षांची मेना आणि पाच वर्षांचा रोक्को. समोरच्या दारात दोन्ना एर्सिलिया; दोन्ना म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई'. वय सत्तरीचं, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. पूर्वी ती नेपल्सच्या एका कारखान्यात कातडी हातमोजे शिवायची. शाळा सुटली की दोन्ही पोरं तिच्याकडे, तिला ती मावशी म्हणत. इम्मा घरी येईपर्यंत ती त्यांना पावावर टोमॅटो चोळून खायला द्यायची, मेनाचे पाढे घ्यायची, रोक्कोचं नाक पुसायची. रोक्कोने पहिलं पाऊल टाकलं तेही तिच्याच स्वयंपाकघरात. हे सगळं मी पाहिलेलं आहे. तरीही सांगतो, तिचे डोळे मोठे होते आणि फिकट हिरवे होते, आणि मला ते पहिल्या दिवसापासून खटकत होते.

आमच्या गावाला समुद्र आहे. पण ऑगस्टात दुसऱ्या कुणाच्या तरी समुद्रावर गेल्याशिवाय इथल्या माणसांना सुट्टी झाल्यासारखी वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी इम्माच्या घरच्यांचं दक्षिणेला कलाब्रियात, स्कालेआच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं आणि निघायच्या दिवशी गाडीचा क्लच गेला. गेल्या वर्षी पुन्हा ठरलं. आदल्या दिवशी दोन्ना एर्सिलिया जिन्यात भेटली. "काय भाग्याची गं तू, इम्मा! पोरं कशी देवदूतासारखी दिसतायत!" म्हणाली. असं म्हटल्यावर लगेच 'देव राखो' म्हणायचं असतं. ते म्हणालीच नाही. संध्याकाळी रोक्कोच्या अंगावर कांजिण्या उठल्या. दोन आठवड्यांपूर्वी तो ज्या वाढदिवसाला गेला होता तिथल्या तीन पोरांनाही कांजिण्या झाल्या, असं सबातोचं म्हणणं. पण सबातोचा कशावरच विश्वास नाही.

या वर्षी इम्माने कानाला खडा लावला. रेडिओ मोठ्याने लावून ती स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाली, "यंदा कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. समोर तर नाहीच नाही."

"अगं, ती बाई पोरांवर जीव टाकते."

"म्हणूनच तर. जीव टाकणाऱ्यांचीच दृष्ट लागते."

"मग माझी कशी लागत नाही?"

"तू कुठे पोरांकडे बघतोस? तू फुटबॉल बघतोस."

मला इम्माचा अभिमान वाटला.

मग बेत शिजू लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रवासाला निघायचं नाही, हे तर ठरलेलंच. शनिवारी अख्खा इटली रस्त्यावर. म्हणून बुधवार, तोही दुपारी दोनला, सगळी इमारत जेवून झोपलेली असते तेव्हा. सामान रोज थोडं थोडं खाली न्यायचं, धुण्याच्या टोपलीत, वर चादर टाकून. पोरांच्या पोहण्याच्या चड्ड्या इम्माने पिठाच्या डब्यामागे दडवल्या. रोक्कोची हिरवी फुगवायची होडी पलंगाखाली गेली. किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी छत्री कितव्या रांगेतली घ्यायची यावर नवराबायकोचं भांडण झालं, तेही कुजबुजत.

सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे पोरांची तोंडं. तेव्हा जुलै लागताच इम्माने त्यांना समोर पाठवणंच बंद केलं.

दोन्ना एर्सिलियाने दारात उभं राहून विचारलं, "इम्मा, पोरं दिसत नाहीत गं?"

"शिबिराला घातलंय त्यांना. चर्चच्या."

"बोलली नाहीत मला."

"अचानक ठरलं, दोन्ना एर्सिलिया."

हे बोलताना मी इम्माच्या मुठीत होतो. मूठ घामाने ओली झाली होती. त्या रात्रीच्या जेवणाला मेनाने ताटाला हातच लावला नाही. "आई, आपण खोटं बोललो ते मावशीला कळलं, तर ती पुन्हा कधी घेईल का आम्हाला घरात?" तिने विचारलं. इम्मा म्हणाली, "आधी सुट्टी पार पडू दे, मग बघू." मलाही ते पटलं. मावशी काय, नंतरही समजावता येते, असं मी समजत होतो.

निघायला चार दिवस उरले होते. जिन्यात समोरून दोन्ना एर्सिलिया आली आणि रोक्को इम्माचा हात सोडून तिला बिलगला. महिनाभर दाबून ठेवलेलं आता त्याच्या पोटात राहीना. एका दमात तो म्हणाला, "मावशी, आम्ही कुठ्ठेच जाणार नाही. आणि माझ्याकडे हिरवी होडीपण नाहीये. आणि तिच्यात हवापण भरायची नाहीये."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. मग इम्माकडे. मग इम्माच्या मुठीकडे. माझं लाल टोक बोटांमधून बाहेर आलेलं होतं.

"बरं झालं," ती सावकाश म्हणाली. "उन्हाळ्यात घरच बरं." आणि रोक्कोला अलगद बाजूला करून पायऱ्यांकडे बघत बघत वर गेली.

त्यानंतर ती पोरांकडे बघेनाशी झाली. समोर आली तर मान खाली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मनात पाप असल्याशिवाय कुणी अशी नजर चोरतं का?

बुधवार उजाडला. दोन वाजले. सबातो खाली गाडीत जाऊन बसला. इम्माने पोरांना चपला हातात घ्यायला लावल्या आणि दार इंचाइंचाने उघडलं. उंबऱ्यासमोर फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलेलं होतं. इम्माने वाकून गाठ सोडली. आत मॅकरोनीचं जाडजूड ऑम्लेट, अजून गरम, प्रवासात खायला करतात तसं. सोबत दोन उन्हाच्या टोप्या, जुन्या हातमोज्यांच्या कातड्याची किनार लावलेल्या. एक मोठी, एक लहान.

'हात लावू नकोस,' मी मनात ओरडलो. 'काय घातलं असेल त्यात कोण जाणे!'

तेवढ्यात समोरच्या बंद दाराआडून आवाज आला.

"जा गं इम्मा. निर्धास्त जा. मी बघत नाहीये."

इम्मा तिथेच उभी राहिली. खालून सबातोने हॉर्न दिला, तो तिला ऐकूच आला नाही.

"दोन्ना एर्सिलिया, दार उघडा."

"नको. तुम्ही सुखरूप पोहोचा, मग उघडीन. सकाळी तुमची लगबग ऐकली, तेव्हाच खिडक्याही लावून घेतल्यात मी."

"उघडा म्हणते ना!"

कडी सरकली. दोन्ना एर्सिलिया दारात उभी होती आणि एप्रन दोन्ही हातांनी डोळ्यांवर धरलेला होता. रोक्को हसला. "मावशी, लपाछपी का?"

इम्मा रडत होती. तिने म्हातारीच्या हातातला एप्रन खाली ओढला आणि पोरांना पुढे ढकललं. "बघा. पोटभर बघा दोघांकडे. महिना झाला, धड बघितलं नाहीत तुम्ही."

ते फिकट हिरवे डोळे रडून रडून लाल झाले होते. मेनाने लहानपणीसारखं आपलं डोकं तिच्या पोटात खुपसलं. मी तिथेच होतो, अगदी हातभर अंतरावर. मी खूप शोधलं. त्या डोळ्यांत मला काहीही वाईट सापडलं नाही. नऊ वर्षं मी एका चांगल्या बाईवर पाळत ठेवली होती. मला माझी लाज वाटली.

मग इम्माने मला जुडग्यातून काढायला घेतलं. कडी घट्ट बसलेली. तिचं नख तुटलं, तरी ती थांबली नाही. "हा माझ्या हातात आहे म्हणून तुम्हाला तोंड लपवावं लागणार असेल, तर मला नको हा," ती म्हणाली. ती घरात गेली, मला स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि निघून गेली.

ते चौदा दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. मेणबत्त्यांचे तुकडे, विझलेल्या काड्या आणि मी. रोज वाटायचं, गाडी उलटली असेल, पोरं बुडाली असतील, आणि इथे मी अंधारात पडलोय. चौदाव्या दिवशी चौघं परत आली, काळी ठिक्कर पडलेली. रोक्कोच्या पायात समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याचा काटा गेला होता, तोही नको सांगूनसवरूनही खडकावर चढला म्हणून.

आता दुपारी दोन्ना एर्सिलिया याच स्वयंपाकघरात येऊन बसते. रोक्को ओरडतो, "मावशी, माझ्याकडे बघ! अगं बघ ना!" ती बघते. मी कान देऊन ऐकत असतो. काही होत नाही.

पण तुम्हाला खरं सांगतो, तिचा आवाज आला की मी अजून दचकतो. उद्या इम्माला पुन्हा भीती वाटली आणि तिने मला मुठीत धरलं, तर मी पुन्हा त्याच बाईवर संशय घेईन. मला दुसरं काही येत नाही. म्हणून एक विनंती आहे. जाताना ड्रॉवर नीट लावून घ्या.