मूठ जड

ऋताने तलवारीचं चित्र जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलं, कारण वहीच्या पानावर ती मावेना. दोन्ही हातांनी पेलायची, उभी धरली तर स्वतःच्या खांद्याला टेकेल एवढी लांब तलवार. काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. आई दोनदा येऊन बघून गेली आणि पुन्हा भाजी निवडायला बसली.

हा सगळा खटाटोप गणेशोत्सवातल्या नाटकासाठी होता. हिंदी मुलखात, नदीवरच्या बालाजी घाटाच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींचं नाटक दर वर्षी शरदिनी मावशी बसवायच्या. यंदा ते त्यांनी लिहिलंही स्वतःच होतं, आणि त्यात एक सेनापती होता. असली कामं कायम ऋताच्या आतेभावाला, विश्वेशला मिळायची. त्याचे दंड मोठे होते आणि आवाज त्याहून मोठा. ऋता आपली कायमची दासी. गेल्या वर्षी तर तिला बोलायलाही मिळालं होतं, "महाराज, पाणी."

पण मधल्या काळात तिने शाळेतली वादविवाद स्पर्धा मारली होती. तेही हिंदीतून, शाळेच्या सगळ्यात बोलघेवड्या मुलाला गप्प करून. तेव्हापासून तिला आपलं तोंड हे केवळ जेवायला नाही याचा शोध लागला होता. नाटकाचं वाचन संपताच ती उभी राहिली.

"मावशी, सेनापती मी करणार."

विश्वेश हसत म्हणाला, "ऋते, तलवार म्हणजे लाटणं नव्हे."

"तुला त्यातलं काय येतं, दादा? लाटणं तर नाहीच."

सगळे खिदळले. मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "भांडू नका. रविवारच्या तालमीत दोघांनी तलवार घेऊन दाखवा. ज्याच्या हातात ती खरी वाटेल, त्याचा सेनापती. फक्त मंडळाच्या त्या पत्र्याच्या तलवारी नकोत बाई. पापडासारख्या वाकतात. आणि माझ्या सेनापतीची दोन हातांची आहे, शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे."

"मी करून आणते," ऋता म्हणाली. कशी, कुठून, हे तिलाही माहीत नव्हतं. पण बोलून झालं होतं.

आधी तिने गच्चीवर प्रयोग केले. पडद्याची लांब दांडी तलवारीसारखी फिरवली, तर पुढचं टोक धाडकन जमिनीवर. मागच्या टोकाला आईचा वरवंटा बांधल्यावर मात्र दांडी कशी शहाण्यासारखी वागायला लागली. कठड्यावरची माकडंसुद्धा जरा मागे सरकली. म्हणजे पातं लांब हवं तर मागे मुठीत वजन हवं. ऋताने चित्राच्या बाजूला एकेक सूचना लिहिली. पातं सरळ. धार नको. मुठीत दोन हात मावावेत. आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: मूठ जड.

ठठेरी बाजाराच्या मागच्या गल्लीत गंगा चाचांचं दुकान होतं. रामलीलेच्या गदा, धनुष्यं, मुकुट, सगळं त्यांच्या हातचं. दुकानात रावणाचं एक डोकं खुंटीला लटकत होतं आणि त्याच्या मिशीवर चाचांचा गमछा वाळत होता. चाचांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. तलवार कसली, त्यांना तो छपराचा वासाच वाटला.

"ई तलवार है कि बल्ली? हमारे रामजी भी इतनी बड़ी नहीं उठाते."

"रामजी के पास बाण है, चाचा. मेरे पास यही है."

ऋताने त्यांना पात्याचं समजावलं, धारेचं समजावलं, दोन हात कसे बसतील ते करून दाखवलं. मुठीचं काही बोलली नाही. ते तर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं. चाचांनी तिथे बोट ठेवलं, मोठ्याने वाचलं, "मूठ जड़," आणि खुशीत मान डोलावली. "ई तो हमारा खास काम है, बिटिया." ऋता उड्या मारत घरी गेली.

रविवारी दुपारी ती तलवार आणायला गेली, तेव्हा चाचांनी वरचं फडकं असं अलगद उचललं, जणू खाली नवरी बसलीय.

पातं झक्क झालं होतं. सरळ, लखलखीत, बोथट. पण मूठ! लाल, हिरव्या, निळ्या काचेच्या खड्यांनी ती टोकापासून टोकापर्यंत भरली होती. शेवटच्या गोळ्यावर तर मोराचा पिसारा होता.

"चाचा, ये क्या है?"

"काहे, नीक नाहीं लगा? तुम्हीं तो लिखी हो, मूठ जड़. तो हम जड़ दिए."

ऋताने कपाळावर हात मारला. हिंदीत जड़ना म्हणजे खडे बसवणं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा तिचा जन्म गेला होता. दिवसातून शंभरदा ती इकडून तिकडे उडी मारायची आणि कधी पाय घसरला नव्हता. घसरला तो नेमका आज.

"चाचा, जड माने भारी. मराठी में."

चाचा विचारात पडले. "और नग जड़ने को का बोलते हो तुम लोग?"

"जडवणं," ऋता हळूच म्हणाली.

"तब? हमार कौन गलती?"

वादविवादाच्या विजेतीने कान पकडले. तिने तलवार उचलली. मूठ आतून पोकळ नळी, हलकी फूल. पात्याने सरळ जमिनीकडे सूर मारला. हे घेऊन तालमीला जायचं म्हणजे पुढच्या वर्षीही "महाराज, पाणी."

"इसमें सीसा डाल दो ना, चाचा. पिघलाके." शिशाइतकं जड दुसरं काय!

"डाल दें. पर मूठ तपेगी तो लाख पिघलेगी, नग सब झड़ जाएँगे." चाचा सहजच बोलल्यासारखे बोलले, पण त्यांचा अंगठा त्या मोरावरून फिरत होता. "सीता मैया के मुकुट वाले नग हैं. बचाके रखे थे."

ऋताने मोराकडे पाहिलं. खडे काढा म्हणायला तिची जीभ उचलेना, आणि तालमीला तासभरच उरला होता. ती इकडेतिकडे बघायला लागली. समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानात तेलकट वाटीभर छर्रे पडले होते, चाकाच्या आसात घालतात ते.

तिने ती वाटी मागून आणली. "चाचा, गरम मत करो. ठंडा ही भर दो."

चाचांनी मोर फिरवून काढला, नळीत छर्रे ओतले आणि मोर पुन्हा घट्ट बसवला. ऋताने दोन्ही हातांनी तलवार उचलली. पातं वर आलं, हवेत आडवं तरंगलं, म्हणाल तिथे थांबलं. ती हसली आणि तिने एक वार केला.

छन्न, खळ्ळ, छन्न.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. छर्रे काठोकाठ भरून पाहिले, तर तलवार उचलेना. कापूस कोंबून पाहिला, तर दोन वारांत दबून गेला. शेवटी छर्रे पहिल्याइतकेच ठेवले आणि ऋता निघाली.

गल्लीतून जाताना तिची शोभा झाली. फडक्यात गुंडाळलेली तलवार काखेत मारली की पावलापावलाला छन्न. एका पानवाल्याने विचारलं, "का हो बिटिया, कुल्फी बेचत हऊ का?" ऋताचे कान तापले. तिने तलवार एका हातात धरून पाहिली, खांद्यावर घेऊन पाहिली, आवाज काही थांबेना. मग चिडून तिने फडकं काढलं आणि एक हात पात्याला लागून, दुसरा मोराला लागून, अशी मूठ धरली. आवाज निम्मा झाला. कोपरं अंगाला लावली, आणखी कमी. वळणावर एका म्हशीला वाट देताना तिने श्वास रोखला आणि तलवार एकदम चिडीचूप. मग काय, तिला नादच लागला. मोठ्या रस्त्याने गेली असती तर केव्हाच पोचली असती, पण ती मुद्दाम लांबच्या गल्ल्यांनी, पायऱ्या चढत-उतरत गेली. घाटाजवळ आली तेव्हा तिला पायरी उतरतानाही छर्रा हलू न देता उतरता येत होतं.

तालमीच्या हॉलमध्ये तलवार पाहून विश्वेश म्हणाला, "ही लढाईला चाललीय की लग्नाला?"

"आधी तू," ऋताने तलवार पुढे केली.

विश्वेशने ती एका हाताने उचलली. खरंच उचलली, दंड होतेच त्याचे. डोक्यावर फिरवली आणि गरजला, "कोण आहे रे तिकडे!" आणि त्या गर्जनेवर छन्न, खळ्ळ, छन्न. मुलं हसून लोळायला लागली. त्याने आणखी जोरात फिरवली, तेवढी ती आणखी वाजली.

"हिच्यात काहीतरी बिघडलंय," तो लाल होत म्हणाला.

"आण इकडे," ऋता म्हणाली.

हॉलच्या दारापासून ती दोन्ही हातांनी तलवार उभी धरून चालत आली. हसणारी पोरं वाजायची वाट बघत होती. तलवार वाजली नाही. लोळणारी पोरं उठून बसली. ऋता मधोमध थांबली. मावशींनी लिहिलेलं सेनापतीचं वाक्य तिने ओरडून नाही, साधं बोलल्यासारखं म्हटलं, "या वाटेने कोणी जाणार नाही." आणि वार केला. छन्न. एकदाच. पातं जिथे थांबायचं तिथे थांबलं, आवाजही तिथेच थांबला.

मावशींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तो आवाज काढून टाकू नकोस हं."

"निघतच नाहीये, मावशी."

"बरंच झालं. सेनापती तू. विश्वेश, तू शत्रू. तुझा आवाज मोठा आहे, पडताना छान ओरडशील."

विश्वेश जरा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. मग पाणी प्यायच्या निमित्ताने ऋताजवळ आला आणि तलवारीकडे बघत म्हणाला, "दे ना परत एकदा. गप्प कशी बसते ही?"

"दोन हात लाव आधी," ऋता म्हणाली, आणि त्याचा डावा हात धरून तिने मोराजवळ ठेवला.