सूचक बायडाबाई

बायडाबाईनं अंगठा पुढं केला, तेव्हा त्याला रेशनच्या मिलो ज्वारीचं लाल पीठ लागलेलं होतं. तिनं तो लुगड्याला पुसला, पुन्हा पुढं केला. अब्दुलनं शाईची डबी उघडलीच नाही.

"काय रं?"

"काय न्हाई, वैनी." पंचायतीचा शिपाई अब्दुल उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला होता. ठरावाचं जाडजूड बुक त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. "भाकरी उरकू द्या. मग लावा."

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. कायद्यानं सात पंचांत दोन बाया हव्यात. निवडणुकीला एकही उभी राहिली नाही, म्हणून सरपंच आप्पासाहेबांनी घरातल्याच दोन घेतल्या. एक त्यांची थोरली बहीण राहीबाई, दुसरी त्यांच्या पुतण्याची, मच्छिंद्रची बायको बायडाबाई. दोघींनी चावडीची पायरी चढायची नव्हती. सभेआधी बुक घरी यायचं, अंगठा उठायचा, बाई हजर. या अंगठ्यांच्या कथा शेवगावच्या बाजारापर्यंत पोचल्या होत्या. राहीबाई वारल्या, तरी पुढच्या दोन सभांना हजर होत्या म्हणतात. दुसऱ्या सभेत तर त्यांनी स्वतःच्याच दुखवट्याच्या ठरावाला अनुमोदन दिलं. बायडाबाई नेवाशाला बहिणीच्या बाळंतपणात अडकली होती, त्या महिन्याचा तिचा अंगठा जरा रुंद आहे. तो पंच गहिनीनाथाच्या पायाचा, असं सांगणारे शपथेवर सांगतात. खरं काय ते शाईला ठाऊक.

बायडाबाईला या कशाचं सोयरसुतक नव्हतं. तिला घोर होता तो वेगळाच. दिवाळीपासून खालच्या आळीतल्या बाया तिच्याशी बोलत नव्हत्या. अब्दुलची भावजय सकीना तर तिची जिवाभावाची. दुष्काळी कामावर दोघी एकाच ढिगाशी बसून खडी फोडायच्या. एकीच्या डोळ्यात कपचा उडाला की दुसरी पदराच्या टोकानं तो काढायची. आता सकीना हातोडी घेऊन चार ढीग पलीकडं बसत होती. काल बायडाबाईच्या डोळ्यात कपचा उडाला, तर सकीनाची हातोडी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

"अब्दुलभाऊ, एक इचारू?" बायडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "सकीनाचं म्या काय वाईट केलं?"

अब्दुलनं बुकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"वैनी, टँकर तुमीच हलवला न्हवं का."

"म्या?"

सरकारी टँकर आधी खालच्या आळीच्या आडात रिकामा व्हायचा. दिवाळीनंतर तो आप्पासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीत रिकामा होऊ लागला. मोसंबीला पाणी सुटून जे उरेल, ते खालच्या आळीतल्या बाया मैलभर चालून आणत. हे बायडाबाईला माहीत होतं, साऱ्या गावालाच माहीत होतं. ते आपण केलंय, हे मात्र ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

अब्दुल चौथी शिकलेला. त्यानं बुक उघडून ओळीखाली बोट धरलं.

"ठराव नंबर नऊ. टँकर खालच्या आळीच्या आडाऐवजी सरपंचांच्या मळ्यातील विहिरीत ओतावा. सूचक, सौ. बायडाबाई मच्छिंद्र दारकुंडे."

"सूचक म्हंजी?"

अब्दुलनं थोडा विचार केला.

"ज्याला पयलं सुचलं, त्यो."

भाकरी करपू लागली. तिनं ती उलटली नाही.

"मला सुचलं?"

"आप्पासाहेब तसंच सांगत्यात आमच्या आळीत. म्हनत्यात, मी नगंच म्हनत हुतो, पर सूनबाईनं धरला हट्ट. बाईमानसाचा शबूद कसा मोडायचा?"

"आन आज काय लिवलंय?"

"त्येच. पाऊस पडंस्तवर टँकर तितंच. सूचक..." अब्दुलनं बुक मिटलं. "तुमीच."

बायडाबाईनं जळकी भाकरी खाली उतरवली. हात धुतले, एकेक बोट चोळून.

"जा तू. सांग, आज अंगठा चालत येतोय."

तिसऱ्या प्रहरी चावडीत आप्पासाहेब आणि चार पंच बसले होते. केडगावकडचा तरुण ग्रामसेवक, ज्याला सगळे भाऊसाहेब म्हणत, बुक उघडून तयार होता. बायडाबाई पायरी चढून आत आली, तशी गहिनीनाथाची तपकिरीची चिमूट नाकापाशीच थांबली. खुर्च्या मोजक्याच होत्या. ती चौकटीला टेकून खाली बसली. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"सूनबाई, तू कशाला तरास घेतलास?" आप्पासाहेब म्हणाले. "भाऊसाहेबांनी तुला हजर मांडलंय की."

"व्हय, मामंजी. मांडलंय म्हनूनच आले."

भाऊसाहेबांनी आधीच लिहून ठेवलेला ठराव वाचायला घेतला. 'सूचक' या शब्दापाशी त्यांचा आवाज आपोआप उतरला.

"त्ये मला सुचलेलं न्हाई," बायडाबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "मला दुसरंच सुचलंय. लिवा. टँकर पयल्यासारका खालच्या आळीच्या आडात वतावा."

भाऊसाहेबांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेब चिडले नाहीत. ते चिडत नसत. त्यासाठी माणसं होती.

"लिवा की. सभासद हाय ती. सुचायचा हक्क हाय तिला." त्यांनी पान जुळवलं. "आता अनुमोदन कोन देतं, बोला."

त्यांची नजर एकेकावरून फिरली. गहिनीनाथानं राहिलेली चिमूट ओढली. दुसऱ्यानं पटका सोडून पुन्हा बांधायला काढला. तिसरा वहाणेचा अंगठा तपासू लागला, आणि चौथ्याला नेमका तेव्हाच खोकला आठवला. भाऊसाहेब थांबायला हवं तेवढं थांबले, वर थोडं जास्तच थांबले.

"अनुमोदक नाही. ठराव बारगळला."

मग आधी लिहिलेल्या ठरावातलं बायडाबाईचं नाव खोडून तिथं गहिनीनाथाचं घातलं गेलं. हात वर झाले. पाच. बायडाबाईचे दोन्ही हात मांडीवरच राहिले.

"झालं?" आप्पासाहेब उठू लागले.

"भाऊसाहेब, माझ्या ठरावाचं काय लिवलं?"

"बारगळला म्हणून लिहिलंय, बाई."

"वाचा."

"आता वाचून काय—"

"तीन वर्सं मला कुनी वाचून दावलं न्हाई. उभं ऱ्हाऊन वाचा."

भाऊसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते खरंच उभे राहिले. शाळेत कविता म्हणावी तसे मोठ्यानं वाचू लागले. मळ्याची वाट चावडीच्या दारावरूनच जात होती. पाणी घेऊन परतणाऱ्या बायांची पावलं दारापाशी आली आणि थांबली. "सूचक, सौ. बायडाबाई मच्छिंद्र दारकुंडे," भाऊसाहेब वाचत होते. "अनुमोदक न मिळाल्याने ठराव बारगळला." मग पावलं पुढं निघाली.

बायडाबाईनं अब्दुलकडून डबी घेतली.

"माझं नाव कुटं हाय?"

भाऊसाहेबांनी बोट ठेवलं. तिनं तिथंच अंगठा दाबला, चांगला वेळ लावून.

"मच्छिंद्राला सांजच्याला मळ्यात लावून दे," आप्पासाहेब पानाला चुना लावत म्हणाले. "त्याच्या वाट्याच्या जिमिनीचं जरा बोलायचंय."

"व्हय, मामंजी."

ती पायरी उतरली. घर डावीकडं होतं. ती उजवीकडं वळली.

उतारावर बाया ओळीनं चालल्या होत्या. सगळ्यांत मागं सकीना, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. बायडाबाई तिच्या मागं दहा पावलांवर चालत राहिली. ओढ्याच्या कोरड्या पात्रापाशी बाकीच्या बाया पलीकडं गेल्या. सकीना तिथंच थांबली. ती वळली नाही. डोईवर भरला हंडा असला की वळता येतही नाही. तिनं कमरेवरची कळशी सोडवली, हात मागं केला आणि ती तशीच धरून उभी राहिली.